बॉब मार्ली नीट ऐकायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

श्रवणभक्त_कोथरूड

नमस्कार. माझे ऐकणे मुख्यतः हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचे आहे आणि डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला हजेरी लावल्याशिवाय माझे वर्ष संपत नाही. बॉब मार्ली हे नाव आजवर केवळ डोळ्यांच्या ओळखीचे होते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या दुकानांत टांगलेले टी-शर्ट, लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या विणलेल्या टोप्या, दुचाक्यांवरची स्टिकरे, एवढाच तो परिचय. अलीकडे भाचीच्या आग्रहामुळे 'लेजंड' हा त्याच्या गाण्यांचा संग्रह पूर्ण ऐकला. आवाजातले आर्जव आवडले, चालीही लगेच तोंडात बसल्या. परंतु बरीचशी गाणी एकाच लयीत डुलणारी वाटली आणि या गायकाला जगभर एवढा मान का मिळतो, याचा उलगडा त्यातून झाला नाही. संगीताच्या अंगाने त्याचे मोठेपण नेमके कशात आहे, त्याचे आयुष्य समजून घेतल्याशिवाय त्याची गाणी कळत नाहीत हे म्हणणे कितपत खरे आहे, आणि माझ्यासारख्याने त्याला कोणत्या क्रमाने ऐकावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे.

ठेका_आणि_लय

आपण शास्त्रीय संगीत ऐकता, म्हणून तालापासूनच सुरुवात करतो.

रेगेच्या ज्या ठेक्याला 'वन ड्रॉप' म्हणतात, त्यात चार मात्रांच्या आवर्तनातली पहिली मात्रा ड्रमवादक मोकळी सोडतो. पायाने वाजवायचा मोठा ड्रम रॉक संगीतात जिथे हमखास पडतो, तिथे येथे काहीच पडत नाही. तो पडतो तिसऱ्या मात्रेवर, आणि त्याच क्षणी स्नेअर ड्रमच्या कडेवर काठीचा कोरडा टोला बसतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारचा आखूड, वाजताक्षणीच दाबून टाकलेला आघात येतो, आणि या आघातांच्या मधल्या फटींतून ऑर्गन बुडबुडत राहतो. आपल्या रूपक तालाची सम टाळीवर नसते, ती 'खाली'च्या म्हणजे मोकळ्या सोडलेल्या मात्रेवर असते. ती सम ऐकणाऱ्याला कळते ती जागा हलकी झाल्यामुळे, तिच्यावर जोर पडल्यामुळे नाही. मात्रांचा हिशेब वेगळा असला आणि घराण्याचा काहीही संबंध नसला, तरी वन ड्रॉप ऐकताना मला नेहमी रूपकच आठवतो. पहिल्या मात्रेवरचे ओझे काढून घेतल्यामुळेच गाणे घाईत नसल्यासारखे चालते आणि शरीर आपोआप डुलू लागते.

मग गाण्याला धरून कोण ठेवते? तर बेस गिटार. मार्लीच्या वाद्यवृंदात ती अ‍ॅस्टन बॅरेट वाजवीत असे आणि ड्रमवर त्याचा धाकटा भाऊ कार्लटन असे. हे दोघे भाऊ किंग्स्टनमधील निर्माता ली पेरी याच्या 'अपसेटर्स' या वाद्यवृंदातून आलेले होते. अ‍ॅस्टनची बेस म्हणजे केवळ स्वरांचा पाया नव्हे, तर ती स्वतंत्र चालच असते. गायक थांबला की ती बोलते, गायक बोलू लागला की ती मोजकी होते, आणि कित्येकदा पहिल्या मात्रेवर तीही गप्प बसते. मार्ली स्वतः गाता गाता तालाची गिटार वाजवीत असे, म्हणजे या यंत्रणेचा एक दात त्याच्याच हातात होता, हे लक्षात ठेवून ऐकावे.

आता मुद्दाम सांगण्याची गोष्ट अशी की, मोबाईलच्या स्पीकरवर बेसचे हे खालचे स्वर ऐकूच येत नाहीत आणि उरतो तो गिटारचा एकसुरी टकटकाट. गाणी सारखी वाटण्याचे अर्धे कारण बहुधा तेच असावे. बरे हेडफोन लावून १९७९ च्या 'सर्व्हायव्हल' या अल्बममधले 'वन ड्रॉप' हे गाणे घ्यावे, हाताने चार मात्रा मोजाव्यात आणि पहिल्या मात्रेवर काय होते, किंबहुना काय होत नाही, तेवढेच ऐकावे. त्यानंतर लगेच 'एक्झोडस' हे शीर्षकगीत लावावे. त्यात मोठा ड्रम प्रत्येक मात्रेवर सरळ पडत जातो, कारण तो एका लोकसमूहाच्या चालत निघण्याचा ठेका आहे. ही दोन गाणी पाठोपाठ ऐकल्यावर 'एकाच लयीत डुलणारी' हे मत आपण स्वतःच बदलाल, याची मला खात्री वाटते.

तबकडीवाला

'ठेका_आणि_लय' यांनी बॅरेट बंधूंची नावे आधी घेतली, याचा मनापासून आनंद झाला. मार्लीला एकटा प्रेषित मानण्याची जी सवय लागली आहे, तिच्यामुळे त्याचे संगीत नीट ऐकले जात नाही, असे माझे जुने मत आहे. तो फार मोठा गीतकार आणि गायक होता. पण तो शेवटपर्यंत समूहातला गायक होता, आणि हे त्याच्या लहानपणापासूनच घडत आले.

नेस्टा रॉबर्ट मार्लीचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ चा, जमैकाच्या सेंट अ‍ॅन परगण्यातल्या नाईन माईल या डोंगराळ खेड्यातला. आई सेडेला त्या वेळी अवघी अठरा वर्षांची होती. वडील नॉर्व्हल मार्ली गोरे होते, वयाने पुष्कळ मोठे होते आणि मुलाच्या आयुष्यात जवळजवळ नव्हतेच. पुढे मायलेक किंग्स्टनला, ट्रेंचटाऊन या गरीब वस्तीत राहायला गेले. सरकारने बांधलेल्या खोल्या, मध्ये मोकळे अंगण, नळ आणि चूल सगळ्यांची मिळून, अशी तिथली राहणी होती. नाईन माईलपासूनचा सोबती नेव्हिल लिव्हिंगस्टन, ज्याला जग पुढे बनी वेलर म्हणून ओळखू लागले, तोही तिथे होता आणि तिथेच त्यांना पीटर टॉश भेटला. याच वस्तीत जो हिग्ज नावाचा अनुभवी गायक राहत असे. त्याने या मुलांना पैसे न घेता तासन्‌तास बसवून तीन आवाज एकमेकांत कसे मिसळायचे, दुसऱ्याचा स्वर झाकू न देता आपला कसा लावायचा, हे शिकवले. अमेरिकेतल्या कर्टिस मेफिल्डच्या 'इम्प्रेशन्स' या गायकसमूहाची गाणी हा त्यांचा रियाजाचा पाठ होता. म्हणूनच 'वन लव्ह' हे गाणे आज आपण ऐकतो, तेव्हा त्याच्या श्रेयात मार्लीबरोबर मेफिल्डचेही नाव असते.

'वेलर्स' या नावाने या मंडळींनी स्टुडिओ वनचे मालक कॉक्सन डॉड यांच्याकडे ध्वनिमुद्रण सुरू केले आणि १९६४ च्या आरंभी 'सिमर डाऊन' जमैकात पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तेव्हाचे संगीत रेगे नव्हते, ते होते वेगवान 'स्का'. ते मंदावत १९६६ च्या सुमारास 'रॉकस्टेडी' झाले आणि १९६८ च्या आसपास त्यातून रेगे निघाले. हे तिन्ही टप्पे मार्लीने स्वतः गाऊन पार केले आहेत. 'लेजंड'मधून हा सगळा काळ वगळला गेला आहे. लोकप्रियता मिळाली तरी हातात पैसा पडत नव्हता. १९६६ मध्ये रीटा अँडरसनशी लग्न झाल्यावर काही दिवसांतच मार्ली आईकडे अमेरिकेत, डेलावेअरमधील विल्मिंग्टनला गेला आणि तिथे त्याने मोटारींच्या कारखान्यातही काम केले. परतल्यावर १९७०-७१ मध्ये ली पेरीकडे झालेली ध्वनिमुद्रणे ही माझ्या लेखी त्याच्या गायनाची सर्वांत उघडीवाघडी रूपे आहेत. तीन आवाज, मोजकी वाद्ये आणि बाकी काही नाही.

१९७२ मध्ये लंडनमध्ये आयलंड रेकॉर्ड्सचे ख्रिस ब्लॅकवेल यांनी अल्बमसाठी ४,००० पौंडांची उचल दिली. त्यातून 'कॅच अ फायर' तयार झाला आणि १९७३ मध्ये बाहेर आला. किंग्स्टनहून आलेल्या फितींवर ब्लॅकवेल यांनी लंडनमध्ये आणखी वाद्ये चढवली. वेन पर्किन्स या अलाबामातल्या गिटारवादकाला रेगे मुळीच परिचयाचे नव्हते. तरी 'काँक्रीट जंगल'मधली त्याची गिटार आज त्या गाण्यापासून वेगळी काढता येत नाही. रॉक ऐकणाऱ्यांना दार उघडावे, हा हेतू त्यामागे होता आणि तो साध्यही झाला. किंग्स्टनमधली मूळ रूपे २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. दोन्ही ऐकावीत. मला मूळ रूप अधिक भावते, कारण त्यात बेस आणि ड्रम यांना श्वास घ्यायला जागा आहे.

टॉश आणि बनी १९७४ पर्यंत बाहेर पडले. त्यांच्या जागी रीटा मार्ली, ज्यूडी मोवॅट आणि मार्सिया ग्रिफिथ्स हा 'आय-थ्रीज' नावाचा स्त्रियांचा गायकवृंद आला आणि गाण्याचा पोतच पालटला. 'नो वूमन, नो क्राय' या गाण्याची दोन रूपे यासाठी समोरासमोर ठेवून ऐकावीत. १९७४ च्या 'नॅटी ड्रेड'मध्ये ते जलद आहे आणि त्यामागे ड्रम मशीन चालू आहे. गाणे चांगले असूनही पटकन हातातून निसटते. जुलै १९७५ मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहात तेच गाणे संथ झाले. आधी ऑर्गन सुरू होतो, मार्लीने तोंड उघडण्यापूर्वी प्रेक्षागृहच ध्रुवपद गाऊ लागते, आणि मग तो त्यांच्या आवाजावर पाय ठेवून आत येतो. जगाने मनात जपलेले रूप हेच. गीतकार म्हणून त्यावर व्हिन्सेंट फोर्ड यांचे नाव आहे. ट्रेंचटाऊनमध्ये भुकेल्यांना जेवू घालणारा हा मार्लीचा मित्र होता.

या साथीदारांच्या वाट्याला मात्र त्या मानाने फार थोडे आले. कार्लटन बॅरेट आणि पीटर टॉश या दोघांचीही १९८७ मध्ये किंग्स्टनमध्ये हत्या झाली. अ‍ॅस्टनने मानधनातल्या वाट्यासाठी लंडनच्या न्यायालयात लढा दिला आणि २००६ मध्ये तो हरला. २०२४ च्या फेब्रुवारीत तो गेला, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मला त्याच्याविषयी चार ओळीही सापडल्या नाहीत, याचे वाईट वाटले.

श्रवणभक्त_कोथरूड

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन्ही प्रयोग करून पाहिले. पहिल्या मात्रेवरची ती मोकळी जागा एकदा ऐकू आली की पुन्हा दुर्लक्षित राहत नाही, हे अगदी खरे आहे. लायसियमचे ध्वनिमुद्रण तर पुन्हा पुन्हा ऐकत आहे. आता एक शंका राहते. त्याचा धर्म, गांजा आणि राजकारण यांविषयी इतके उलटसुलट वाचायला मिळते की, गाण्यांशी त्याचा खरा संबंध किती आणि नंतर चिकटवलेले किती, हे कळत नाही.

जलसा

संबंध पूर्ण आहे, परंतु तो टी-शर्टवर दिसतो त्या प्रकारचा नाही.

१९३० मध्ये इथिओपियाच्या गादीवर हैले सेलासी आले आणि जमैकातल्या काही कृष्णवर्णीय उपदेशकांना त्यांच्यात ईश्वराचा अवतार दिसला. गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांना आपले मूळ आफ्रिकेत आहे आणि आपण हीन नाही, हे सांगणारा हा रास्ताफारी पंथ शहरातल्या प्रतिष्ठितांच्या दृष्टीने अनेक दशके तिरस्काराचा विषय होता. २१ एप्रिल १९६६ रोजी सेलासी स्वतः किंग्स्टनला आले, तेव्हा मार्ली अमेरिकेत होता, पण रीटाने त्यांना पाहिले आणि तिच्यामागोमाग तोही या पंथाकडे वळला. गांजा हा त्या पंथात उपासनेचा भाग आहे. तो जमैकात रुजला तो १८४५ पासून तिथे नेल्या गेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांमुळे, असे मानले जाते. मौजेखातर ओढण्याचा आणि या श्रद्धेचा काडीचाही संबंध नाही, एवढे सांगून तो विषय सोडतो. १९७६ च्या 'वॉर' या गाण्यात सेलासी यांनी १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणाचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा घेतला आहे. राजनैतिक भाषणातली लांबलचक वाक्ये, यमक नाही, कडवे नाही, आणि तरीही मार्ली ती एका दमात अशी म्हणतो की ती जणू गाण्यासाठीच लिहिली होती असे वाटावे.

राजकारणाचे म्हणाल, तर जमैकातले दोन्ही प्रमुख पक्ष त्या काळी वस्त्या-वस्त्यांतल्या सशस्त्र टोळ्यांच्या आधारावर उभे होते. ३ डिसेंबर १९७६ रोजी होप रोडवरच्या मार्लीच्या घरात बंदूकधारी घुसले. त्याला, रीटाला आणि व्यवस्थापकाला गोळ्या लागल्या. दोनच दिवसांनी ठरलेली विनामूल्य मैफल होती आणि तो त्या अवस्थेत मंचावर उभा राहून गायला. त्यानंतर तो लंडनला गेला आणि तिथे 'एक्झोडस' झाला.

२२ एप्रिल १९७८ रोजी किंग्स्टनच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये जे घडले, त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे आणि ते आवर्जून पाहावे. 'जॅमिंग' हे गाणे चालू आहे. मार्ली मधेच पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सिआगा यांना मंचावर बोलावतो. दोघेही अवघडलेले, एकमेकांकडे न पाहणारे. वाद्ये थांबत नाहीत, मार्ली अर्धवट गात, अर्धवट आळवत राहतो आणि त्या दोघांचे हात धरून आपल्या डोक्यावर एकत्र उंचावतो. मला हे दृश्य फार मोलाचे वाटते, पण त्याने शांतता आली असे कोणी सांगितले तर ते खरे नाही. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात जमैकात शेकडो माणसे मारली गेली.

झिंबाब्वेचा प्रसंग मात्र वेगळा. 'झिंबाब्वे' हे गाणे १९७९ मध्ये, त्या देशाला ते नाव अधिकृतपणे मिळण्यापूर्वीच आले आणि लढणाऱ्यांपर्यंत पोहोचले. १७ एप्रिल १९८० च्या रात्री रुफारो स्टेडियममधल्या स्वातंत्र्यसोहळ्यात गाण्यासाठी मार्ली स्वतःच्या खर्चाने वाद्ये आणि ध्वनियंत्रणा घेऊन गेला. त्या सोहळ्यांना आपल्या पंतप्रधान इंदिरा गांधीही गेल्या होत्या. बाहेर राहिलेली गर्दी आत घुसू लागताच पोलिसांनी अश्रुधूर सोडला, वाद्यवृंदाला मंच सोडावा लागला आणि थोड्या वेळाने परत येऊन त्यांनी गाणी पुरी केली. दुसऱ्या दिवशी सामान्य लोकांसाठी ते पुन्हा गायले.

अण्णाभाऊ साठे आणि वामनदादा कर्डक यांच्या गाण्यांवर वाढलेल्या माणसाला यात ओळखीचे पुष्कळ सापडते. ज्यांना माणूस म्हणून नाकारले गेले, त्यांनी आपला आवाज आधी गाण्यात मिळवला. ज्या दशकात अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सपासून स्फूर्ती घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच दशकात किंग्स्टनमध्ये ही गाणी लिहिली जात होती. फरक एवढाच की मार्लीच्या मागे लंडनची कंपनी उभी होती, आणि आपल्या शाहिरांचे कितीतरी गायन ध्वनिमुद्रित झालेच नाही.

कॅम्पातला_गिटारी

'जलसा' यांचे लेखन आवडले, तरी एक बाजू मांडणे आवश्यक वाटते. १९७८ मध्ये 'काया' हा अल्बम आला, तेव्हा मार्ली मवाळ झाला अशी टीका झाली होती, आणि आजही जाणकार म्हणवणारे प्रेमगीतांना दुय्यम लेखतात. 'काया' आणि 'एक्झोडस' यांचे ध्वनिमुद्रण लंडनमधल्या एकाच सत्रांत झाले आहे. ज्याच्यावर नुकत्याच गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, त्याने त्याच दिवसांत 'इज धिस लव्ह' आणि 'वेटिंग इन व्हेन' गावे, हे मला त्याच्या लढाऊ गाण्यांइतकेच धीराचे वाटते. 'वेटिंग इन व्हेन'मधल्या गिटारचा मऊपणा ऐकावा, तिला घाई कशी ती माहीतच नाही.

'लेजंड'विषयी मात्र मूळ प्रश्नकर्त्यांची तक्रार रास्त आहे. मार्लीच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, गोऱ्या श्रोत्यांना न बिचकवता विकता यावा अशा बेताने तो संग्रह जुळवला गेला. मूळच्या चौदा गाण्यांपैकी पाच एकट्या 'एक्झोडस'मधली आहेत. 'रास्तामॅन व्हायब्रेशन' आणि 'सर्व्हायव्हल' या दोन सर्वांत राजकीय अल्बमांतले एकही नाही. त्याने कोट्यवधी नवे श्रोते मिळवून दिले, हे मान्य करूनही तो मार्लीचा एक गाल दाखवणारा फोटो आहे, असे म्हणावे लागते.

तबकडीवाला

अखेरच्या काळाविषयी थोडे सांगून क्रमाकडे वळतो. १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा हा कर्करोग आढळला. फुटबॉल खेळताना झालेली जखम चिघळून कर्करोग झाला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. प्रत्यक्षात जखमेमुळे फार तर त्या जागेकडे लक्ष गेले. अंगठा काढून टाकण्याचा सल्ला त्याने धर्मश्रद्धेमुळे मानला नाही आणि मर्यादित शस्त्रक्रियेवर भागवले. तीन वर्षे तो जगभर गात हिंडला. जून १९८० मध्ये मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर सुमारे एक लाख लोक त्याला ऐकायला आले. सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना तो कोसळला, तोवर रोग मेंदूपर्यंत पोहोचला होता. तरी दोन दिवसांनी, २३ सप्टेंबरला, पिट्सबर्ग येथे त्याने शेवटची मैफल केली. जर्मनीत उपचार झाले, पण गुण आला नाही. घरी परतण्याच्या वाटेवर असताना ११ मे १९८१ रोजी मायामीत, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. जमैकाने शासकीय इतमामाने निरोप दिला आणि नाईन माईललाच त्याची समाधी झाली. २०१८ मध्ये युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले, त्यात त्याचा वाटा उघड आहे.

आता क्रम. पहिल्यांदा १९७५ ची लायसियम मैफल अखंड ऐकावी, कारण वाद्यवृंद एकत्र कसा श्वास घेतो ते तिथे सर्वांत स्वच्छ कळते. मग 'कॅच अ फायर'चे किंग्स्टनमधले रूप, त्यानंतर 'रास्तामॅन व्हायब्रेशन', 'एक्झोडस' आणि 'सर्व्हायव्हल' ओळीने. 'अपरायझिंग' शेवटी ठेवावा. त्यातले अखेरचे 'रिडेम्प्शन साँग' हे एक गिटार आणि एक आवाज एवढ्यावरच उभे आहे, आणि इतकी वर्षे बॅरेट बंधूंच्या ठेक्यावर गाणारा गायक तिथे प्रथमच त्यांच्याविना उभा राहिलेला दिसतो. ज्याने आधीचे अल्बम ऐकले आहेत, त्यालाच ती उणीव आणि तिचा अर्थ जाणवेल. ली पेरीकडची ध्वनिमुद्रणे त्यानंतर कधीही घ्यावीत. आणि मार्ली म्हणजे संपूर्ण रेगे नव्हे, म्हणून टूट्स हिबर्ट, बर्निंग स्पिअर आणि डेनिस ब्राऊन यांच्यासाठीही वेळ राखून ठेवावा. लायसियमची मूळ तबकडी माझ्याकडे आहे; आपण कोथरूडलाच असाल, तर एखाद्या रविवारी सकाळी ऐकायला या.